पर्पेतुआने तुरुंगात लिहिलेली पानं : कार्थेजच्या दोन हुतात्मा आया आणि त्यांची भक्ती

आगरवाट

७ मार्चला कार्थेजच्या संत पर्पेतुआ आणि संत फेलिसिटी यांचा सण असतो. तो जवळपास दर वर्षी उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत पडतो. त्यामुळे देवळात त्या दिवशी त्यांच्या नावाने एखादी प्रार्थना होते आणि विषय संपतो. प्रार्थनेच्या पुस्तकात दोन ओळी असतात : उत्तर आफ्रिका, इ.स. २०३, एक खानदानी आई आणि एक गुलाम बाई, श्रद्धेपायी जनावरांपुढे टाकल्या गेल्या. या दोन ओळींमागे काय आहे ते सांगावं म्हणून हा धागा काढतेय.

सुरुवातीच्या शतकांतल्या बहुतेक हुतात्म्यांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणीतरी, पुष्कळदा कितीतरी वर्षांनी लिहिलेलं. पर्पेतुआने मात्र तुरुंगात बसून स्वतः लिहिलं. तिच्या पानांच्या आधी आणि नंतर एका अनाम संपादकाने मजकूर जोडला आहे. तो स्पष्ट सांगतो की इथून पुढचं सगळं तिचं आहे, तिच्या हाताने आणि तिच्या समजुतीप्रमाणे लिहिलेलं. ख्रिस्ती स्त्रीच्या हातचं इतकं जुनं लिखाण दुसरं क्वचितच सापडेल.

विबिया पर्पेतुआ तेव्हा साधारण बावीस वर्षांची. चांगल्या घरची, शिकलेली, लग्न झालेली, अंगावर पिणारा मुलगा. तिच्याबरोबर पकडलेले रेवोकातुस आणि फेलिसिटी हे गुलाम, शिवाय सातुर्निनुस आणि सेकुंदुलुस. हे सगळे दीक्षार्थी, म्हणजे अजून बाप्तिस्मा न झालेले. त्यांना शिकवणारा सातुरुस पकडला तेव्हा तिथे नव्हता, तो नंतर आपणहून हजर झाला. बाप्तिस्मा अटकेत असतानाच झाला.

तिचं लिखाण वडिलांपासून सुरू होतं. ते तिला परावृत्त करायला आले. तिने जवळ पडलेल्या एका भांड्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हे जे आहे त्याहून वेगळ्या नावाने याला हाक मारता येईल का? ते म्हणाले, नाही. मग मीही जी आहे त्याहून वेगळं काही म्हणवून घेऊ शकत नाही, मी ख्रिस्ती आहे. वडील असे अंगावर धावून आले की जणू तिचे डोळेच उपटणार. मग निघून गेले. काही दिवस ते आले नाहीत तेव्हा आपल्याला बरं वाटलं, हेही तिने लपवलेलं नाही.

मग अंधारकोठडी. असा काळोख तिने आजवर पाहिला नव्हता. गर्दीने कोंडलेला उकाडा, शिपायांची पैशांसाठी दमदाटी, आणि या सगळ्यावर बाळाची काळजी. तेर्तिउस आणि पोम्पोनिउस या दोन डीकनांनी, म्हणजे चर्चच्या सेवकांनी, पहारेकऱ्यांना पैसे चारले तेव्हा दिवसातून थोडा वेळ बऱ्या जागेत बसायला मिळालं. तिथे तिने भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजलं. पुढे बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळाली आणि मग तुरुंगच आपल्याला राजवाडा वाटू लागला, दुसरीकडे कुठे असावं असं वाटेना, असं ती लिहिते.

सुनावणीच्या दिवशी वडील बाळाला घेऊन आले. त्याआधी तुरुंगात येऊन त्यांनी तिचे हात चुंबले होते, पायांवर लोळण घेतली होती, माझ्या पिकल्या केसांची दया कर म्हणून विनवलं होतं. न्यायासनावर हिलारियानुस. प्रांताधिपती नुकताच वारला होता आणि त्याचे अधिकार याच्याकडे आले होते. तो म्हणाला, म्हाताऱ्या बापाकडे बघ, तान्ह्या पोराकडे बघ, सम्राटांच्या कल्याणासाठी बळी अर्पण कर. ती म्हणाली, मी करणार नाही. तू ख्रिस्ती आहेस? हो, ख्रिस्ती आहे. वडील तरी मध्ये पडत राहिले, तेव्हा हिलारियानुसने त्यांना खाली पाडून छडी मारायला लावली. तो मार मलाच बसल्यासारखं दुःख झालं, असं तिने लिहिलंय. शिक्षा झाली जनावरांपुढे टाकण्याची.

तिची पानं खेळांच्या आदल्या दिवशी थांबतात. शेवटी लिहिलंय, आदल्या दिवसापर्यंतचं हे मी लिहिलं, प्रत्यक्ष खेळांत काय होईल ते कुणाला हवं असेल त्याने लिहावं.

मरणाच्या आदल्या दिवशी लेखणी खाली ठेवताना एखादी बाई इतकं साधं वाक्य लिहिते, हे मला तिच्या सगळ्या मूर्तींपेक्षा मोठं वाटतं.

जुनीदप्तरे

फार चांगला विषय. थोडी पार्श्वभूमी. हे खेळ सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा धाकटा मुलगा गेटा याच्या वाढदिवसानिमित्त होते. पुढे २११ साली त्याच्या सख्ख्या भावाने, काराकाल्लाने, गेटाचा खून करवला आणि साम्राज्यभरातल्या शिलालेखांवरून त्याचं नाव छिन्नीने खोडून काढलं.

सेव्हेरसने २०२ च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यावर बंदी घातली आणि त्यातून ही अटक झाली, असं जुन्या पुस्तकांत सर्रास असतं. त्या हुकमाचा पुरावा फार उशिराच्या एका संशयास्पद चरित्रातला आहे, आणि आज बरेच इतिहासकार तो हुकूम खरा मानत नाहीत. त्या काळात छळ मुख्यतः स्थानिक असायचा. शहरात कुरबुर व्हायची आणि अधिकारी कडक निघाला तर माणसं मरायची. डीकन तुरुंगात बिनदिक्कत ये-जा करताहेत, त्यांना कुणी हात लावत नाही, हे या मजकुरातच दिसतं. सरसकट धरपकड असती तर ते आधी आत गेले असते.

दवबिंदू

लेख आवडला, पण एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून स्पष्ट विचारते. घरात अंगावरचं मूल असताना या बाईने जो निर्णय घेतला तो मला आई म्हणून झेपत नाही. चिमूटभर धूप टाकला असता तर घरी गेली असती. वडिलांची काय चूक होती? मार खाल्ला तोही त्यांनीच. त्यांच्या बाजूने कुणी बोलणार की नाही? श्रद्धेचा अपमान करायचा हेतू नाही.

आगरवाट

दवबिंदू, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि तो पहिल्यांदा पर्पेतुआनेच विचारलाय असं मला वाटतं. वडिलांना वाईट दाखवणं तिला सहज जमलं असतं. तिने त्यांचं एकेक येणं लिहून ठेवलं. शेवटच्या भेटीत ते दाढीचे केस उपटतात, जमिनीवर पालथे पडतात, आपल्या म्हातारपणाला शिव्या देतात, आणि ती लिहिते की त्यांच्या दुःखी म्हातारपणाचं मला वाईट वाटलं. तिला कळत होतं की साऱ्या घरात एकट्या त्यांनाच तिच्या मरणात आनंद मानता येणार नाही. त्यांची बाजू आपल्यापर्यंत पोचली ती तिच्याच लेखणीतून.

बाळाचं म्हणाल तर तिने त्याची सोय लावली, आई आणि भावाच्या हाती सोपवलं. पण सोय लावली म्हणून तुमचा प्रश्न मिटतो असं मी म्हणणार नाही. हुतात्म्यांची चरित्रं सांगताना आपण हा भाग घाईने ओलांडतो, आणि ते मला पटत नाही. धूप न टाकण्याची किंमत काय होती ते बाळाला आणि वडिलांना पुढे ठेवल्याशिवाय कळतच नाही.

माहेरवाट

मी बरीच वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स होते. आगरवाटताईंनी एक तपशील सोडला, तो मी सांगते, कारण मला तोच सगळ्यात खरा वाटतो.

शिक्षा सुनावल्यावर पर्पेतुआने पोम्पोनिउसला वडिलांकडे पाठवून बाळ मागितलं. वडिलांनी दिलं नाही. पुढे तिने लिहिलंय की देवाच्या इच्छेने बाळाने पुन्हा दूध मागितलं नाही आणि माझ्या छातीतही दाह झाला नाही.

ज्या बाईचं दूध असं अचानक तुटतं तिला पहिले दोन-तीन दिवस काय होतं ते मी रोज पाहिलंय. दूध साकळतं, छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप भरतो, हात वर करता येत नाही. बाळ गेलेल्या बायांना तर दुःख करायलासुद्धा हे शरीर उसंत देत नाही. म्हणून मृत्युदंड ऐकून आलेल्या बाईने बाळाच्या काळजीच्या जोडीला या दुखण्याचा उल्लेख करावा, ते झालं नाही याला देवाची कृपा म्हणावं, हे वाचून मी थांबले. संतचरित्र रचणाऱ्या पुरुषाला हे सुचलं नसतं, असं माझं मत आहे.

कातळशिल्प

माहेरवाट, मुद्दा चांगला आहे, पण त्याने सिद्ध काही होत नाही. घरात बायका-मुलं असलेला कुशल लेखक हे ऐकून लिहू शकतो. प्रथमपुरुषी, म्हणजे "मी" म्हणून सांगितलेली तुरुंगकथा रचणं रोमन शाळांत शिकलेल्याला अवघड नव्हतं. संपादक म्हणून ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियनचं नाव पुष्कळांनी घेतलंय. तो कार्थेजचाच, त्याच काळातला. शिवाय प्रस्तावनेत नव्या साक्षात्कारांचं, नव्या स्वप्नांचं जे महत्त्व सांगितलंय ते त्या काळच्या मोन्तानी या ख्रिस्ती पंथाशी जुळतं. कुणाला तरी आपला मुद्दा मांडायचा होता हे उघड आहे.

आगरवाट

कातळशिल्प, संपादकाला मुद्दा होता हे मान्यच. पण मूळ लॅटिनमध्ये तिच्या पानांची भाषा आणि संपादकाची भाषा वेगळी आहे, हे अभ्यासकांनी दाखवलंय. तो लांबलचक, घडवलेली वाक्यं लिहितो. ती छोटी, "आणि… आणि…" करत जाणारी. सातुरुसनेही स्वतःचं एक स्वप्न लिहून ठेवलंय, त्याची ढब तिसरीच. तेर्तुल्लियनबद्दल म्हणाल तर आत्म्यावरच्या आपल्या ग्रंथात त्याने पर्पेतुआचा उल्लेख केलाय, पण तिथे सातुरुसच्या स्वप्नातली गोष्ट तिच्या नावावर घातली आहे असं दिसतं. स्वतः संपादन केलेल्या माणसाकडून हे होणं मला कठीण वाटतं.

आणि तिची स्वप्नं बघा. काशाची अरुंद शिडी आभाळापर्यंत गेलेली, दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे लावलेले, तळाशी अजगर. ती त्याच्या डोक्यावर पहिल्या पायरीसारखा पाय देऊन चढते. वर मोठी बाग, पांढऱ्या केसांचा उंच मेंढपाळ मेंढ्यांची धार काढत बसलेला. तो तिला त्या दुधाच्या चीजचा एक घास देतो, ती दोन्ही हात जोडून घेते, भोवतालचे "आमेन" म्हणतात. त्या आवाजाने ती जागी होते तेव्हा तोंडात काहीतरी गोड घोळत असतं. धर्मशिक्षणासाठी रचलेलं स्वप्न याहून नीटनेटकं असतं.

जुनीदप्तरे

यात भर घालतो. याच हुतात्म्यांच्या नंतरच्या, आखूड कथाही आहेत. त्यांत काय वाढलंय ते बघण्यासारखं आहे. मूळ मजकुरात पर्पेतुआच्या नवऱ्याचा पत्ताच नाही. विधिवत लग्न झालेली असं संपादक म्हणतो आणि पुढे तो माणूस ना तुरुंगात, ना सुनावणीला, ना बाळाच्या बाबतीत. आखूड कथेत मात्र नवरा आईवडिलांबरोबर हजर केलाय आणि ती त्या सगळ्यांना झिडकारते. वडिलांबद्दलची कळकळ तिथे उरलेली नाही. संतपणा घट्ट करायच्या नादात पुढच्यांनी तिला कठोर केलं. मूळ पानं हरवली असती तर आपल्याला तीच पर्पेतुआ ठाऊक असती. १७व्या शतकात लुकास होल्स्तेनियसला मोंते कासिनोच्या मठातल्या हस्तलिखितात मूळ लॅटिन पाठ सापडला, म्हणून ही चर्चा होऊ शकतेय.

दवबिंदू

आगरवाट, वडिलांबद्दलचं उत्तर पटलं, बाळाचं नाही पटलं, पण असू दे. फेलिसिटीबद्दल कुणीच बोललं नाही. गुलाम म्हणून ती इथेही मागेच राहिली का?

आगरवाट

दवबिंदू, बरं झालं विचारलंत. फेलिसिटीचं स्वतःचं लिखाण नाही. पर्पेतुआच्या पानांतही तिचं नाव येत नाही, हे मला बोचतं. तिची हकिगत संपादकाने लिहिली.

तिला आठवा महिना होता. गरोदर बाईला देहदंड देत नसत, म्हणून तिला भीती की आपलं मरण लांबेल आणि नंतर कुठल्यातरी खऱ्या गुन्हेगारांबरोबर एकटीला मरावं लागेल. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि खेळांच्या दोन-तीन दिवस आधी कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं बाळंतपण, वेदनेने ती ओरडत होती. एक पहारेकरी म्हणाला, आत्ताच अशी ओरडतेस तर जनावरांपुढे काय करशील? ती म्हणाली, आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय, तिथे माझ्या आत दुसरा कुणी असेल आणि तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे. मुलगी झाली. ती त्यांच्यातल्या एका बहिणीने आपली म्हणून वाढवली.

रिंगणात दोघींसाठी एक खवळलेली गाय ठेवली होती. पुरुषांना बिबट्या, अस्वल, रानडुक्कर, आणि बायकांना मुद्दाम मादी जनावर. दोघींना कपडे काढून जाळ्यांत आणलं तेव्हा बघ्यांनाच शहारे आले. एक कोवळी तरुण बाई, दुसरी ओली बाळंतीण, छातीतून दूध गळतंय. लोकांनी असं केल्यावर त्यांना परत नेऊन सैल झगे घातले. गायीने पर्पेतुआला उडवलं. ती उठून बसली, फाटलेला झगा मांडीवर ओढून घेतला, मग काटा शोधून सुटलेले केस बांधले, कारण मोकळे केस हे शोकाचं लक्षण. मग पडलेल्या फेलिसिटीकडे गेली, हात देऊन तिला उभं केलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

शेवट तलवारीने झाला. लोकांनी मागणी केली की मारणं आमच्या डोळ्यांसमोर मध्यभागी व्हावं, तेव्हा हे सगळे आपणहून उठून तिथे गेले आणि त्यांनी एकमेकांना शांतीचं चुंबन दिलं. पर्पेतुआच्या वाट्याला आलेला ग्लॅडिएटर नवशिका होता. पहिला घाव हाडावर बसला, ती किंचाळली, मग त्याचा थरथरता हात तिने स्वतःच गळ्याशी नेला.

माहेरवाट

आठव्या महिन्यातलं बाळंतपण आणि तिसऱ्या दिवशी रिंगणात. त्या दिवसात बाईला धड उभं राहता येत नाही. फेलिसिटीचं नाव आधी घ्यायला हवं असं मला वाटतं.

पापडीकर

माझ्या आज्जीचं नाव पर्पेत. सगळे पर्पेतबाय म्हणायचे. तिला या संतिणीबद्दल एवढंच माहीत होतं की ती आयांची कैवारी. बाकी हे सगळं आज वाचलं, धन्यवाद. दोन प्रश्न. मिस्सेतल्या (प्रभुभोजनाच्या उपासनेतल्या) जुन्या रोमन प्रार्थनेत फेलिसिटी, पर्पेतुआ, आगाथा, लुसी, आग्नेस अशी नावं घेतात त्या याच का? आणि यांची समाधी कुठे आहे, जाता येतं का?

आगरवाट

पापडीकर, हो, याच. आणि माहेरवाटताईंना बरं वाटेल, त्या प्रार्थनेत फेलिसिटीचं नाव खरंच आधी येतं. मरियेखेरीज ज्या मोजक्या स्त्रियांना त्या प्रार्थनेत जागा आहे त्यांत या दोघी आफ्रिकेच्या. रोमच्या ३५४ सालच्या सणांच्या यादीत मुख्यतः रोमच्याच हुतात्म्यांची नावं आहेत, तरी ७ मार्चला या दोघींची नोंद आहे, पुढे "आफ्रिकेच्या" असं लिहून. म्हणजे दीडशे वर्षांत समुद्रापलीकडे भक्ती पोचली होती.

पण भक्तीचा खरा जोर कार्थेजमध्ये. तिथे सणाच्या दिवशी देवळात ही पानं मोठ्याने वाचली जात. उत्तर आफ्रिकेतला बिशप अगस्तीन याने त्यांच्या सणाला दिलेली प्रवचनं शिल्लक आहेत. त्यांतल्या एकाचा आधी गहाळ असलेला भाग अलीकडे, २००७ साली, जर्मनीत एर्फुर्टच्या एका जुन्या हस्तलिखितात सापडला. अगस्तीनला एकीकडे या बायांचं अपार कौतुक. दुसरीकडे त्याला सांगावं लागलं की हे लिखाण पवित्र शास्त्राचा भाग नाही. प्रसंग असा होता की पर्पेतुआचा भाऊ दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना चेहऱ्याच्या भयंकर रोगाने वारला होता. तुरुंगात तिला तो स्वप्नात दिसला : तहानलेला, समोर पाण्याचं कुंड, पण काठ त्याच्या उंचीच्या वर. तिने रात्रंदिवस त्याच्यासाठी प्रार्थना केली. काही दिवसांनी पुन्हा दिसला तेव्हा कुंडाचा काठ त्याच्या कमरेपर्यंत खाली आला होता, चेहऱ्यावर फक्त व्रण उरला होता, आणि तो पाणी पिऊन मुलांसारखा खेळायला पळाला. या स्वप्नाच्या आधारे कुणीतरी म्हणू लागलं की बाप्तिस्मा न झालेल्यांनाही नंतर सुटका मिळते, आणि अगस्तीनला उत्तर द्यावं लागलं. लोक ही पानं किती मनावर घेत होते ते यावरून कळतं.

समाधीबद्दल. पाचव्या शतकातला व्हिक्टर ऑफ व्हिटा सांगतो की कार्थेजच्या बासिलिका मायोरुममध्ये त्यांचे देह होते आणि वांडाल टोळ्यांनी ते देऊळ ताब्यात घेतलं. पुढे शहरच मोडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फादर देलात्र यांनी त्या जागी उत्खनन केलं तेव्हा फुटलेल्या शिळेचे तुकडे सापडले. ते जुळवल्यावर सातुरुस, सातुर्निनुस, रेवोकातुस, सेकुंदुलुस, फेलिसिटी आणि पर्पेतुआ ही सगळी नावं वाचता आली. अवशेष मात्र आज तिथे नाहीत. जाता येतं ते अँफिथिएटरपाशी, ट्युनिसच्या बाहेर झाडीत. आता फार उंच काही उरलेलं नाही, पण रिंगणाची लंबवर्तुळाकार जागा स्पष्ट दिसते.

कातळशिल्प

शिळेबद्दल ठाऊक नव्हतं. ती २०३ सालची आहे का, की नंतर बसवलेली?

जुनीदप्तरे

नंतरची. अक्षरांच्या वळणावरून काही शतकं उशिराची मानतात. म्हणून ती भक्तीचा पुरावा आहे, घटनेचा नव्हे. घटनेसाठी आपल्याला त्या पानांकडेच जावं लागतं.

पापडीकर

सण आधी ६ मार्चला होता ना? घरातल्या जुन्या प्रार्थना-पुस्तकात ६ तारीख आहे.

आगरवाट

हो. ७ मार्चला संत थॉमस अक्वायनसचा सण असल्यामुळे या दोघी मागे पडल्या होत्या. १९०८ मध्ये पोप दहाव्या पायसने त्यांना ६ तारखेचा स्वतंत्र सण दिला. १९६९ च्या नव्या पंचांगात अक्वायनसचा सण २८ जानेवारीला नेला आणि यांना त्यांचा मूळ दिवस परत मिळाला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पंचांगात त्यांचा दिवस १ फेब्रुवारी. तुमच्या आज्जीचं पुस्तक १९६९ च्या आधीचं असणार. जपून ठेवा, आणि जमलं तर त्या दिवसाच्या प्रार्थनेच्या पानाचा फोटो इथे टाका.